खांबांचे दात

आमच्या गोदामात वर्षातून एकदा मामा पडत असे. पडण्याचा हा कार्यक्रम मालकांनी सुरू केला होता. प्रत्यक्ष पडण्याचे काम मात्र त्यांनी मोठ्या मनाने मामाकडे सोपवले होते.

त्या काळी माल वरच्या मजल्यांवर चढवायचा म्हणजे एक लाकडी तराफा, एक जाड दोर आणि वाफेचे इंजिन एवढाच थाट असे. या साऱ्याला आम्ही पाळणा म्हणत असू. पाळण्याचा दोर अधूनमधून तुटे आणि तुटताना माल कोणता नि माणूस कोणता असा भेदभाव करत नसे. व्यापाऱ्यांना मालाचे फार वाईट वाटे. म्हणून मालकांनी आपल्या पाळण्याला एक नवी युक्ती बसवून घेतली. तराफ्याच्या डोक्यावर, घोडागाडीच्या चाकांवर असते तशी पोलादी पट्ट्यांची कमान होती आणि दोर त्या कमानीच्या मध्याला बांधलेला होता. दोर ताणलेला असेपर्यंत कमान वाकलेली राही आणि तिच्या दोन टोकांचे लोखंडी पंजे आत ओढलेले राहत. दोर तुटला की कमान सरळ होई, पंजे दोन्हीकडे उसळत आणि बाजूच्या उभ्या खांबांवर कोरलेल्या दातांत रुतून बसत. पाळणा वीतभर खाली येऊन जागच्या जागी थांबे. ही कमान मला नेहमी आमच्या घराण्यातली वाटे. वरून ताण असेपर्यंत निमूट वाकून राहायचे, आणि कणा ताठ करायचा तो थेट सर्वनाशाच्या क्षणी.

अशी युक्ती नुसती बसवून भागत नाही. ती लोकांना दाखवावी लागते. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर मालक शहरातल्या व्यापाऱ्यांना गोदामाच्या चौकात बोलावत. पाळणा खडूच्या भुकटीची पोती भरून वरच्या सज्ज्यापर्यंत चढवला जाई. पोत्यांच्या मधोमध मामा उभा राही, इस्त्रीच्या कोटात, डोक्यावर टोपी घालून, आणि खणखणीत आवाजात म्हणे, "मंडळी, माझा भरवसा दोरावर नाही, दातांवर आहे. तोडा!" सज्ज्यावरचा माणूस कुऱ्हाड मारी, दोर तुटे, पाळणा वीतभर घसरे आणि थांबे. मामा टोपी काढून म्हणे, "सगळे सुखरूप!" टाळ्या पडत, आणि व्यापारी आपला माल निर्धास्तपणे आमच्या गोदामात पाठवत. मामा नाटकात गेला असता तर उपाशी मेला असता. इथे मरण्याचे नाटक करून तो घर चालवत होता. गोदामाला लागून असलेली आमची खोली त्या कामाबरोबरच मिळालेली होती. पाळण्यावर आमच्या घरातला माणूस उभा राहील तोवर खोली आमची, असे मालकांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले होते.

मामाचा एक नियम होता. पाळण्यावर उभ्या असलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने वाक्य म्हटल्याशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही. पहिल्याच वर्षी मामाला शिंक येत असताना उत्साही मुकादमाने घाव घातला होता. मामा थांबला, पण शिंक थांबली नाही, आणि एवढ्या थोर क्षणी माणूस नाक पुसताना दिसला, याचे त्याला जन्मभर दुःख राहिले.

पोलादावर एवढा भरवसा ठेवणारा हा माणूस एका वर्षी न्हाणीघरात घसरून पडला. तिथे कमान नव्हती, पंजे नव्हते, एक ओली फरशी तेवढी होती. घोट्याचे हाड मोडले. मालक समाचाराला आले, तेव्हा मामाच्या पायाकडे पाहून अतिशय हळहळले आणि म्हणाले, "आता पडायचं कोणी?"

आईने माझ्याकडे पाहिले. मी नेहमीप्रमाणे जमिनीकडे पाहिले. आमच्या घरात मुलाची संमती घेण्याची हीच रीत होती.

मी गोदामात वजनकाट्यावर बसत असे. ते काम माझ्या प्रकृतीला मानवले होते, कारण जे सांगायचे ते काटाच सांगे. हमाल मला मौनीबाबा म्हणत. दिवसातून चार शब्द बोललो तर त्यातले दोन मला रात्रभर सलत राहत, म्हणून पुढे पुढे मी दोनच बोलू लागलो होतो. पाळण्यासह खाली येण्याची मला विशेष धास्ती वाटली नाही. पडताना माणसाला काही बोलावे लागत नाही. धास्ती होती ती त्याआधीच्या वाक्याची.

"एवढंसं तर वाक्य," आई म्हणाली. "लोक भाषणं करतात. तुला एक वाक्य जड झालं?"

"अगं, त्याला पडायचं भय नाही, बोलायचं आहे," मामा पलंगावरून हसला. "आपल्या घराण्यात उलटं होतं सगळं. हे बघ भाच्या, कुऱ्हाड यंदा मी घेणार. स्टुलावर बसून मारीन. पडता येत नाही तर पाडू तरी दे. तू फक्त 'तोडा' म्हण. तू म्हटल्याशिवाय मी हात उचलायचा नाही, प्रत्यक्ष मालकांनी सांगितलं तरी."

हे सारे ठरत असताना मालकांना चौकाकडे पाहून लाज वाटू लागली. यंदा मोठमोठे व्यापारी येणार होते आणि पाळण्याचे खांब तेलकट, काळपट, ओबडधोबड दिसत होते. त्यांनी रंगारी बोलावला. तो साधासुधा रंगारी नव्हता; श्रीमंतांच्या घरची कपाटे आणि जिन्याचे कठडे रंगवणारा कलावंत होता. मालकांनी त्याला एकच आज्ञा दिली, "कुठे खडबडीत दिसता कामा नये." रंगाऱ्याने दोन्ही हात छातीशी नेऊन मान तुकवली. आठवडाभर तो पाळण्याभोवती कापड गुंडाळून आत काम करत राहिला. अपुरी कलाकृती लोकांनी पाहू नये, असे त्याचे मत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कापड निघाले. खांब तांबडेभडक झाले होते आणि आरशासारखे चमकत होते. मी वाक्याची तालीम करायला एकटाच पाळण्यावर जाऊन उभा राहिलो. "मंडळी" हा शब्द मी दोनदा मनात आणि एकदा ओठांत म्हटला. पुढचा शब्द सुचेना, म्हणून आधारासाठी हात खांबावर टेकला, आणि तो सरळ खाली घसरला.

मी पुन्हा हात फिरवला. वरून खाली, खालून वर. इतके मऊ काही मी कधी हाताळले नव्हते. नखाने टोकरून पाहिले, तेव्हा तांबड्या पापुद्र्याखाली पांढरा, वाळून दगड झालेला लगदा लागला. खांबाचा एकेक दात काठोकाठ बुजवलेला होता. लहान मूल म्हाताऱ्याच्या तोंडात बोट घालते आणि त्याला नुसत्या हिरड्या लागतात, तसे मला झाले. आमच्या भरवशाचे बोळके झाले होते.

रंगारी चौकातच होता, हात मागे बांधून आपली निर्मिती न्याहाळत.

"खांबांना..." मी म्हणालो, "खाचा होत्या."

"होत्या ना!" त्याचे डोळे दुःखाने भरून आले. "अहो, किती खाचा! सुताराने काम केलं होतं की बोकडाने लाकूड खाल्लं होतं? एकेका खाचेत हाताने लांबी भरली, खडू नि तेल मळून केलेली. भरायची, वाळवायची, घासायची, पुन्हा भरायची. हात लावून बघा. माशी बसली तर पाय घसरून पडेल."

"माशी," मी म्हणालो, आणि माझा आवाज तिथेच संपला.

मी मालकांकडे गेलो. ते पाहुण्यांच्या खुर्च्या स्वतः सरळ करत होते, म्हणजे नोकर सरळ करत होते आणि ते बोट दाखवत होते.

"मालक, ते खांबांच्या रंगाचं..."

"आवडला ना?" ते प्रसन्न झाले. "सगळ्यांना आवडला. सुरक्षितता म्हणजे काय, तर ती आधी दिसली पाहिजे. तांबडा रंग लांबून दिसतो."

"पण दातांत..."

"दात दिसू देत, हसत राहा. तू फार गंभीर चेहरा करतोस. व्यापारी म्हणतील, हा माणूस पडायला चाललाय की काय?"

मामा एव्हाना काठी टेकत, दोघा हमालांच्या खांद्यांवर भार टाकून, सज्ज्यावर पोहोचला होता. मी जिना चढून त्याच्याजवळ गेलो. तो स्टुलावर बसून कुऱ्हाडीच्या पात्याला धार लावत होता आणि कित्येक वर्षांत दिसला नव्हता इतका सुखी दिसत होता.

"मामा, थोडं ऐक. खांब गुळगुळीत..."

"घसा कोरडा पडलाय तुझा. पाणी पी." त्याने मला जवळ ओढले. "माझंही पहिल्या दिवशी असंच झालं होतं. खांब हलतायत, दोर तुटलाच आहे, दात नाहीतच, काय काय वाटायचं. सगळे मनाचे खेळ. खाली बघू नकोस, आईकडे बघू नकोस, मालकाकडे तर मुळीच बघू नकोस. वाक्य म्हण आणि मोकळा हो."

"मनाचं नाही रे..."

तेवढ्यात खाली ढोल वाजला आणि माझे उरलेसुरले वाक्य त्यात वाहून गेले. जगात बोलण्याची वेळ नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी ढोल वाजत असतानाच येते, हे मला फार लहानपणापासून ठाऊक आहे. पोती भरलेला पाळणा सज्ज्याशी येऊन थांबला होता. नऊजणांनी हात धरून मला त्यावर चढवले. खरे तर दोघांनीच धरले होते. उरलेले नुसते हसत होते, पण त्यांचाही जोर लागलाच.

इथे कोणी विचारील, तू उतरून का गेला नाहीस? हा प्रश्न चौकात, लोकांच्या माना वर झालेल्या असताना, कधीच न उभा राहिलेला माणूसच विचारू शकतो. खाली पहिल्या रांगेच्या मागे आई उभी होती. शेजारच्या बायकांना ती माझ्याकडे बोट दाखवून काही सांगत होती. तिच्या पाठीमागे आमच्या खोलीची खिडकी होती आणि खिडकीत तिने धुतलेला पडदा लावला होता. उतरलो तर तो पडदा दुसऱ्या कोणाचा होणार होता. उभा राहिलो तर माझा निकाल खडूच्या पोत्यांबरोबर लागणार होता. दोन्ही गोष्टी मला स्पष्ट दिसत होत्या आणि दोन्हींविषयी माझ्या तोंडून अक्षर फुटत नव्हते.

चौक शांत झाला. मालकांनी हात वर केला. मामाने कुऱ्हाड मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाहिले.

मी गप्प राहिलो.

ढोलवाल्याला वाटले, आपण चुकलो. त्याने पुन्हा एकदा वाजवून घेतले. पुन्हा शांतता झाली. मी पुन्हा गप्प राहिलो. पुढच्या खुर्चीतला एक व्यापारी खाकरला. मागून एक हमाल ओरडला, "मौनीबाबा, आज तरी व्रत सोडा!" हशा पिकला. "मंडळी... मंडळी..." खालून आई ओठ हलवून मला आठवण करून देत होती, शाळेतल्या कवितेच्या वेळी करत असे तशी. माझे कान तापले, आणि त्या लाजेच्या ऐन मध्यावर एक विलक्षण गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी जोवर बोलत नव्हतो, तोवर कुऱ्हाड हलत नव्हती. गावाने ज्याला आजवर माझा दोष म्हटले, तो त्या चौकातला एकमेव ब्रेक होता, आणि तो उत्तम काम देत होता. इतक्या शांतपणे आयुष्यात मी कधी गप्प राहिलो नव्हतो.

हे सुख फार टिकले नाही. मालकांचा चेहरा खांबांच्या रंगाशी स्पर्धा करू लागला. ते धापा टाकत जिना चढून सज्ज्यावर आले.

"अरे, वाक्य म्हण ना!"

मी मान हलवली.

"म्हण तू, मारतो मी," मामा मला म्हणाला आणि मालकांना चुचकारू लागला. "थोडा लाजाळू आहे हो. येईल, येईल."

"येईल म्हणजे काय, प्रसूती आहे का?" मालकांनी मला दंडाला धरून पाळण्यावरून सज्ज्यावर ओढले. "हो बाजूला! एक वाक्य येत नाही? मी म्हणतो!" आणि पोत्यांना वळसा घालून ते स्वतः पाळण्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वतः मालक! व्यापारी खुर्च्यांवरून उठले. मालकांना तो कडकडाट फार गोड लागला असावा, कारण त्यांनी कोट सारखा केला, टोपी नीट बसवली आणि हनुवटी उचलली.

मला मान्य केले पाहिजे की एक क्षणभर मला सारे काही अतिशय न्याय्य वाटले. ज्याने खांब गुळगुळीत करून घेतले, तोच त्यांच्यामध्ये उभा होता. आता गप्प राहणे हे माझ्या स्वभावाला धरून होते, परंपरेला धरून होते, आणि त्यासाठी कोणी मला बोल लावला नसता. आयुष्यभर मी फुकट गप्प बसलो होतो. या एकाच वेळी त्याचे मोल होते.

"मंडळी!" मालक गरजले. "माझा भरवसा दोरावर नाही, दातांवर आहे."

मामाने कुऱ्हाड डोक्यावर उचलली. पात्यावर ऊन चमकले. मालकांच्या कोटाच्या मागच्या बाजूला कोणीतरी घाईने मारलेला एक टाका दिसत होता, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा. तो कोणी मारला असेल, हा विचार मला का सुचावा, सांगता येत नाही. पण तो टाका दिसला आणि माझ्या छातीत काहीतरी वाकलेले सरळ झाले.

"दात नाहीत!"

आवाज कोणाचा, हे मलाही लगेच कळले नाही. तो गोदामाच्या चारी भिंतींवर आपटून परत आला तेव्हा ओळख पटली. मामाची कुऱ्हाड हवेत थांबली. खाली एका माणसाने नकळत आपले तोंड हाताने झाकले.

"काय नाहीत?" मालकांनी मान वळवली.

"दात. खांबांना. लांबी भरली आहे. सगळ्या खाचा बुजवल्या आहेत. रंगाऱ्याला विचारा."

"एकही सोडली नाही!" खालून रंगाऱ्याने अभिमानाने ग्वाही दिली.

मामाने कुऱ्हाड खाली ठेवली, वाकून जवळच्या खांबावर तळवा फिरवला, आणि त्याचा तळवा खाली घसरत गेला तसतसा त्याचा चेहराही उतरत गेला. "भाच्या," तो हळूच म्हणाला, "हे तू मघाशी सांगत होतास?"

"हो."

"आणि मी तुला पाणी पी म्हटलं."

मालक पाळण्यावर उभेच होते. उतरावे तर व्यापारी पाहत होते. न उतरावे तर मामाच्या शेजारी कुऱ्हाड होती. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा एवढ्या थोड्या वेळात एवढे विचार करताना मी प्रथमच पाहिला. मग ते अत्यंत सावकाश, जणू आधीपासून ठरलेच होते अशा डौलात, एक पाऊल टाकून सज्ज्यावर आले आणि कठड्याला धरून चौकाला म्हणाले, "मंडळी, यंदा कार्यक्रमात थोडी सुधारणा केली आहे. प्रयोग नुसत्या मालावर होईल. माणसाचा जीव अमूल्य आहे, हे आमच्या संस्थेचं पहिल्यापासूनचं धोरण आहे." आणि ओठ न हलवता मामाला म्हणाले, "मार."

"वाक्य?" मामाने विचारले. "वाक्याशिवाय मी हात उचलत नाही."

"पाळण्यावर कोणी नाही, गाढवा!"

मामाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "तोडा." त्या दिवशीचे माझे शब्द असेही खूपच झाले होते.

कुऱ्हाड पडली. कमान सरळ झाली, पंजे खाडकन बाहेर उसळले, अगदी जसे उसळायला हवेत तसे, आणि खांबांच्या आरशासारख्या पृष्ठभागावरून कर्कश ओरडत, तांबड्या साली काढत, पाळणा सरळ तळाला गेला. पोती फुटली. पांढरा ढग चौकभर उठला आणि व्यापारी, ढोलवाला, हमाल, आई, सगळे एकाच रंगाचे झाले. ढग जरा विरला, तेव्हा सज्ज्यावर मालकांनी टोपी काढली होती.

"सगळे सुखरूप!" ते म्हणाले.

आणि काय सांगावे, टाळ्या पडल्या. खाली खडूने माखलेली माणसे एकमेकांकडे पाहत होती, स्वतःचे हातपाय चाचपत होती आणि टाळ्या वाजवत होती. आमच्या मालकांनी आपला जीव धोक्यात न घालण्याचे केवढे धैर्य दाखवले, अशी चर्चा पुढे बाजारात बरेच दिवस चालली.

घरी आईने माझ्या केसांतली भुकटी झटकली. "एवढं एक वाक्य दिलं होतं तुला," ती म्हणाली. "तेही धड म्हटलं नाहीस." मग तिने माझे डोके जरा जास्तच वेळ धरून ठेवले आणि झटकायला काही उरले नव्हते तरी झटकत राहिली.

खोली आमच्याकडेच राहिली. मला काढून टाकावे तर बाजारात कारण सांगावे लागले असते आणि कारण सांगण्याची मालकांना आवड नव्हती. त्यांनी नवा नियम केला: प्रयोगाआधी एका माणसाने दोन्ही खांबांवरून हात फिरवायचा आणि दात आहेत की नाहीत ते सर्वांसमक्ष सांगायचे. हे काम माझ्याकडे आले. मामाचा घोटा बरा झाला आहे. तो पुन्हा पडू लागला आहे आणि माझ्यावर नाराज आहे, कारण त्याच्या वाक्याआधी आता माझा शब्द येतो.

रंगाऱ्याने सगळी लांबी स्वतःच कोरून काढली. काढताना तो रडत होता. पुन्हा असा प्रमाद कोणाकडून होऊ नये म्हणून मालकांनी त्याच्याकडून खांबांवरच, ठळक तांबड्या अक्षरांत, लिहून घेतले: 'येथे रंग लावू नये.' कलावंत हाडाचा. खडबडीत जागेवर अक्षर नीट उठेना, म्हणून त्याने लिहिण्यापुरती थोडी लांबी भरून घेतली.

ती अक्षरे मी दरवर्षी प्रयोगाच्या आदल्या दिवशी एकटा जाऊन पटाशीने खरवडून काढतो, आणि दरवर्षी मालक ती पुन्हा लिहून घेतात. प्रयोगाच्या दिवशी मी चौकासमोर उभा राहतो, एकेका दातावर बोट ठेवत जातो आणि म्हणतो, "आहेत." तेवढाच शब्द. मागच्या रांगेतल्यांना तो ऐकू जात नाही, अशी तक्रार आहे.